‘संरक्षण’ या शब्दाची झडती : नॉन-कोडिंग आरएनए आणि विषाणू

आज आपण एका शीर्षकापासून सुरुवात करू. २००५ साली ‘सायन्स’ या साप्ताहिकात फ्रान्समधल्या एका गटाचा शोधनिबंध आला. त्याचं शीर्षक मराठीत आणलं तर साधारण असं होईल : पेशीतला एक मायक्रो-आरएनए मानवी पेशींमध्ये विषाणूंपासून संरक्षण घडवून आणतो. छोटं, ठाम वाक्य आहे. त्यात ‘कदाचित’ नाही, ‘असं दिसतं’ नाही. पुढच्या वीस वर्षांत या विषयावर जे लिहिलं गेलं, मग ते आढावा-लेख असोत, वर्तमानपत्रातलं विज्ञानाचं पान असो नाहीतर यूट्यूबवरची भाषणं, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी हेच वाक्य कपडे बदलून फिरताना दिसतं. डीएनएमधला जो भाग ‘कचरा’ म्हणून हिणवला गेला, तोच म्हणे आपलं सैन्य निघाला.

आमचं आजचं काम या वाक्याची झडती घेण्याचं आहे. कवितेची समीक्षा करताना आपण एखादा शब्द उचलतो आणि विचारतो, बाबा रे, तू इथे का आलास, आणि या जागी तू बसतोस का? शोधनिबंधांचीही अशी समीक्षा व्हायला हवी. ती मुळीच होत नाही असं नाही, पण ती त्याच क्षेत्रातल्या माणसांत होते आणि सामान्य वाचकापर्यंत शीर्षक तेवढं पोचतं. आणि हा केवळ शब्दांचा खेळ नाही. ‘अमुक आरएनए विषाणूला रोखतो’ असं मानलं तर तो वाढवणारं औषध शोधायचं. तोच आरएनए विषाणूला मदत करत असेल, तर त्याला दाबणारं औषध हवं. अधिक-उण्याचं चिन्ह चुकलं की उपचाराची दिशाच फिरते, आणि तिथे कोणीतरी रुग्ण बसलेला असतो.

थोडी तयारी आधी करून घेऊ. कोविडच्या दिवसांत ‘एमआरएनए’ हा शब्द घराघरात पोचला. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या लशीला जून २०२२ मध्ये तातडीच्या वापराची परवानगी मिळाली, ती याच प्रकारची. त्या लशीतला आरएनए म्हणजे निरोप : अमुक प्रथिन बनवा. पण पेशीत तयार होणारे असंख्य आरएनए असे असतात, की त्यांच्यापासून कुठलंच प्रथिन बनत नाही. आरएनए हेच त्यांचं शेवटचं रूप. त्यांना नॉन-कोडिंग आरएनए म्हणतात. काही अगदी छोटे, साधारण बावीस अक्षरांचे, ते मायक्रो-आरएनए. काही हजारो अक्षरांचे लांब. आणि ज्यांच्याशिवाय पेशी एक दिवस जगणार नाही असे रायबोसोमचे आरएनए, तेही याच कुळातले. मानवी डीएनएचा जेमतेम दीड-दोन टक्के भाग प्रथिनांच्या कृतींनी व्यापलेला आहे. उरलेल्याला सुसुमू ओहनो यांच्या १९७२ च्या लेखानंतर ‘जंक’ हे नाव चिकटलं. मग २०१२ मध्ये ‘एनकोड’ प्रकल्पाने जाहीर केलं, की ऐंशी टक्के डीएनए कामाचा आहे. डॅन ग्राउर, फोर्ड डूलिटल यांच्यासारख्यांनी त्यावर चांगलीच टीका केली. त्यांचा मुद्दा सोपा होता : एखाद्या जागेवर रासायनिक हालचाल दिसली, म्हणून ती जागा काहीतरी कामाची ठरत नाही. रस्त्यावर वर्दळ आहे, म्हणजे प्रत्येक माणूस कामावर निघालाय असं थोडंच आहे! हा आक्षेप लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. आरएनएने विषाणूंशी लढता येतं ही कल्पना आली कुठून? ती आली वनस्पतींकडून आणि किड्यांकडून, आणि तिथे ती शंभर टक्के खरी आहे. बहुतेक आरएनए विषाणू वाढताना दुहेरी धाग्याचा आरएनए तयार करतात. वनस्पतीची पेशी तो धागा ‘डायसर’ नावाच्या प्रथिनाने कापते, एकवीस-बावीस अक्षरांचे तुकडे करते आणि त्या तुकड्यांचा नमुना म्हणून वापर करून त्याच विषाणूचे उरलेले आरएनए शोधून नष्ट करते. चोराच्याच सदऱ्याचा तुकडा हुंगून त्याचा माग काढावा तसं. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये एका सूक्ष्म कृमीत दुहेरी आरएनएची ही ताकद दाखवली, २००६ चं नोबेल त्यांना मिळालं. डेव्हिड बाल्कम आणि अँड्र्यू हॅमिल्टन यांनी १९९९ मध्ये वनस्पतीत ते छोटे तुकडे प्रत्यक्ष पकडले.

माणसाच्या पेशीतही डायसर आहे, आपल्यातही छोटे आरएनए आहेत. मग आपणही तसेच लढत असणार, हा तर्क मोहात पाडणारा आहे. अडचण एवढीच, की आपल्याकडे दुसरी व्यवस्था आहे. १९५७ साली आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी इंटरफेरॉन शोधलं. मानवी पेशीत लांब दुहेरी आरएनए दिसला की पेशी तुकडे करत बसत नाही, ती बोंब ठोकते. इंटरफेरॉन बाहेर सोडते, शेजारच्या पेशी सावध होतात, शेकडो जनुकं एकदम जागी होतात. हे इतकं प्रबळ आहे, की मानवी पेशीत एखादं जनुक बंद करण्यासाठी लांब दुहेरी आरएनए वापरताच येत नव्हता. २००१ मध्ये थॉमस टुश्ल यांच्या गटाने एकवीस अक्षरांचे आखूड तुकडे वापरले, ते या घंटेला न छेडता आत शिरले, तेव्हा कुठे मार्ग मोकळा झाला.

या पार्श्वभूमीवर २००५ चा तो निबंध वाचा. विषाणू होता प्रायमेट फोमी व्हायरस. मूळचा माकड-वानरांचा, माणसात क्वचित येणारा आणि आला तरी त्रास देताना न दिसणारा. संशोधकांनी म्हटलं, की मिर-३२ नावाचा मानवी मायक्रो-आरएनए या विषाणूच्या आरएनएवर बसतो आणि त्याची वाढ रोखतो. मिर-३२ अडवला तर विषाणू वाढतो. शिवाय विषाणूचं स्वतःचं एक प्रथिन पेशीची ही यंत्रणा बिघडवतं, म्हणजे विषाणूलाही तिची भीती आहे. गोष्ट म्हणून फार देखणी आहे. वनस्पतींत जे दिसतं ते सगळं इथे जागच्या जागी आलं आहे : हल्ला, बचाव, प्रतिहल्ला.

आमचा पहिला आक्षेप प्रयोगावर नाही, क्रियापदावर आहे. मायक्रो-आरएनए विषाणूवर बसतो हे दाखवलं. पण ‘संरक्षण घडवून आणतो’ म्हणजे ते त्याचं काम आहे, त्यासाठी तो तिथे आहे. हे सिद्ध कसं होणार? हजाराहून अधिक मानवी मायक्रो-आरएनएंची यादी घ्या आणि कुठल्याही विषाणूचा दहा हजार अक्षरांचा आरएनए घ्या. कुठे ना कुठे सात-आठ अक्षरं जुळणारच. मायक्रो-आरएनएची पकड मुख्यतः तेवढ्याच अक्षरांवर असते. संगणकावर जोड्या जुळवून निघालेले निबंध याच पायावर उभे राहिले, आणि पाया म्हणून तो फारच भुसभुशीत आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो उत्क्रांतीचा आहे. आपले बरेच मायक्रो-आरएनए कोट्यवधी वर्षं जवळजवळ न बदलता टिकले आहेत, कारण प्रत्येकावर आपल्याच शेकडो जनुकांचं नियंत्रण अवलंबून आहे. विषाणू मात्र दिवसागणिक बदलतो. एखादा मायक्रो-आरएनए त्याला खरोखर नडत असेल, तर त्या सात अक्षरांतलं एक बदललं की विषाणू सुटला. बाण जर कोट्यवधी वर्षं एकाच जागी रोखलेला असेल, तर तिथे उभा राहणारा विषाणू मूर्खच म्हणायचा. वनस्पतींतली यंत्रणा यातून वाचते, कारण तिथे नमुना दर वेळी विषाणूपासूनच घेतला जातो. विषाणू बदलला की नमुनाही बदलतो. मायक्रो-आरएनएत ती सोय नाही. या दोन यंत्रणा एकच अवजारं वापरतात म्हणून त्यांना एकाच कामाच्या मानणं ही या सगळ्या लिखाणातली मोठी गफलत आहे असं आमचं मत आहे. कोयता ऊसतोडीलाही लागतो आणि नारळ सोलायलाही.

हा युक्तिवाद केवळ खुर्चीत बसून केलेला नाही. ड्यूक विद्यापीठातले ब्रायन कलन या विषयावर बराच काळ शंका घेत होते. त्यांच्या प्रयोगशाळेने डायसरच नसलेल्या मानवी पेशी तयार केल्या. डायसर नाही म्हणजे मायक्रो-आरएनए जवळजवळ नाहीतच. विनोदबुद्धी बघा, त्या पेशींचं नाव ठेवलं ‘नो-डाइस’. २०१४ मध्ये त्यांनी त्या पेशींना अनेक मानवी विषाणूंची लागण केली. मायक्रो-आरएनए जर विषाणूंना रोखत असतील, तर या पेशींत विषाणूंनी धुमाकूळ घालायला हवा होता. तसं काही घडलं नाही. बहुतेक विषाणू जसे नेहमीच्या पेशींत वाढत तसेच इथेही वाढले. अर्थात ही एकाच जातीची पेशी आहे, वर्षानुवर्षं काचेच्या बशीत वाढवलेली, आणि तिच्यातली इंटरफेरॉनची घंटाही फारशी दणदणीत नाही. त्यामुळे याने सगळा निकाल लागला असं म्हणता येत नाही. पण २००५ च्या शीर्षकातला ठामपणा यानंतर कोणत्या तोंडाने टिकवायचा?

याहून बोलका एक प्रयोग आहे, तो लस बनवण्याच्या खटपटीतून निघाला. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या बेंजामिन टेनओव्हर यांच्या गटाने इन्फ्लुएन्झाच्या विषाणूत मुद्दाम मिर-९३ बसेल अशी जागा घातली. हा मायक्रो-आरएनए सस्तन प्राण्यांच्या पेशींत सर्वत्र असतो, पण कोंबडीच्या अंड्यात नाही. परिणाम? विषाणू अंड्यात मजेत वाढला, पण उंदरात आणि मानवी पेशींत ढेपाळला. म्हणजे आपल्या मायक्रो-आरएनएत विषाणूला लोळवण्याची ताकद नक्की आहे. फक्त त्यासाठी जागा माणसाने कोरून द्यावी लागली. खऱ्या इन्फ्लुएन्झाने ती आपल्या अंगावर ठेवलेलीच नाही. आम्हाला हा पुरावा फार मोलाचा वाटतो, कारण यातून क्षमता आणि काम यांतला फरक लख्ख दिसतो.

आणि आता या सगळ्या कथेतलं मोठं वळण. तेच २००५ साल, तेच ‘सायन्स’. स्टॅनफर्डच्या पीटर सार्नो यांच्या प्रयोगशाळेतून कॅथरीन जॉपलिंग आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. विषय होता हिपॅटायटिस सी, म्हणजे वर्षानुवर्षं गुपचूप यकृत पोखरणारा विषाणू. यकृताच्या पेशीत मिर-१२२ हा मायक्रो-आरएनए अफाट प्रमाणात असतो, इतर अवयवांत जवळपास नसतोच. तो हिपॅटायटिस सीच्या आरएनएवर बसतो, तेही अगदी सुरुवातीच्या टोकाला, दोन ठिकाणी. आतापर्यंतच्या कथेप्रमाणे आपण काय म्हणू? यकृताचा पहारेकरी सापडला! पण मिर-१२२ काढून घेतला तेव्हा विषाणू वाढला नाही, तो कोसळला. विषाणूला मिर-१२२ हवा आहे. आपल्या स्वतःच्या निरोप-आरएनएंच्या टोकाला एक टोपी असते, ती त्यांना कुरतडणाऱ्या प्रथिनांपासून वाचवते. हिपॅटायटिस सीच्या आरएनएला ती टोपी नाही. त्याने आपला मायक्रो-आरएनएच टोपी म्हणून डोक्यावर घेतला.

शेकडो जोड्या कागदावर जुळवल्या गेल्या, पण निसर्गात, खऱ्या रोगात, मायक्रो-आरएनए आणि विषाणू यांची जी जोडी निर्विवाद ठरली तिच्यात फायदा विषाणूचा आहे. दुसरं भक्कम उदाहरणही त्याच बाजूचं. अमेरिकेत घोड्यांना आणि क्वचित माणसांना मेंदूज्वर करणारा ईस्टर्न इक्वाइन एन्सेफलायटिस हा डासांतून येणारा विषाणू आहे. २०१४ मध्ये विल्यम क्लिमस्ट्रा यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये दाखवलं, की त्याच्या आरएनएवर मिर-१४२ साठी जागा आहेत. हा मायक्रो-आरएनए रक्तातल्या संरक्षक पेशींत असतो आणि तो या विषाणूला त्या पेशींत खरोखरच वाढू देत नाही. झालं की संरक्षण! नाही ना. त्या पेशींत विषाणू वाढला असता तर त्यांनीच इंटरफेरॉनची घंटा वाजवली असती. त्या पेशींत न वाढून विषाणू घंटेपासून लांब राहतो आणि मेंदूकडे सरकतो. या जागा काढून टाकलेला विषाणू दिला तेव्हा उंदरांना आजार कमी झाला. प्रयोगशाळेतल्या बशीत ‘मायक्रो-आरएनए विषाणूला रोखतो’ हे विधान इथे अक्षरशः खरं आहे, आणि प्राण्याच्या पातळीवर ते उलटं आहे. बशीतल्या एकाच पेशीवरून ‘संरक्षण’ हा शब्द वापरणाऱ्यांनी हे उदाहरण भिंतीवर लावून ठेवावं.

मिर-१२२ ची गोष्ट औषधापर्यंत गेली. मिराविर्सेन नावाचं, मिर-१२२ ला बांधून ठेवणारं औषध तयार झालं. आधी चिंपांझींत, मग छत्तीस रुग्णांत चाचणी झाली. २०१३ मध्ये तिचे निष्कर्ष आले : आठवड्याला एक अशी पाच इंजेक्शनं, आणि मात्रेच्या प्रमाणात रक्तातला विषाणू घटला. विषाणूला न मारता त्याला लागणारी आपलीच वस्तू काढून घेणं, ही विचाराची नवी चाल होती. पण त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोफोसबुव्हिरला अमेरिकेत मान्यता मिळाली, काही आठवड्यांच्या गोळ्यांनी हा आजार बरा होऊ लागला आणि मिराविर्सेन मागे पडलं. मिर-१२२ लाच लक्ष्य करणाऱ्या दुसऱ्या एका औषधाची चाचणी रुग्णांना कावीळ झाल्यामुळे २०१६ मध्ये थांबवावी लागली. मिर-१२२ काही विषाणूची सेवा करायला यकृतात बसलेला नाही, त्याला घरची कामं आहेत. तो जन्मतःच नसलेल्या उंदरांच्या यकृतात चरबी साठते, पुढे गाठी होतात.

इथे एक छोटी आडवाट घेतो, कारण ती या विषयाच्या सवयी दाखवते. २००७ मध्ये ‘नेचर’मधल्या एका निबंधाने सांगितलं, की इंटरफेरॉन दिलं की पेशी हिपॅटायटिस सीवर बसणारे काही मायक्रो-आरएनए वाढवते आणि मिर-१२२ कमी करते. वा! मग ज्या रुग्णांत मिर-१२२ कमी त्यांना इंटरफेरॉन जास्त लागू पडायला हवं. २००९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी रुग्णांच्या यकृताचे नमुने तपासले. ज्यांना इंटरफेरॉन लागू पडलं नाही, त्यांच्यातच मिर-१२२ कमी होता. बशीतला तर्क माणसात उताणा पडला. पहिला निबंध आजही मोठ्या आदराने उद्धृत होतो. दुसऱ्याची आठवण काढणारे आढावा-लेख आमच्या वाचनात फार थोडे आले.

तर मग नॉन-कोडिंग आरएनए आपल्या पेशींना विषाणूंविरुद्ध काहीच मदत करत नाहीत का? करतात. पण ती मदत शिपायासारखी नाही, आणि म्हणूनच ती बघायला जास्त मजेची आहे. आमच्या मते या क्षेत्रातला सर्वात सुंदर निबंध २०१८ चा आहे, मिखाएला गाक यांच्या प्रयोगशाळेतून ‘नेचर इम्युनॉलॉजी’त आलेला. त्याचा प्रश्न असा होता. आपल्या पेशीत रिग-आय नावाचं एक संवेदक प्रथिन आहे. ते परका आरएनए ओळखतं, विशेषतः ज्याच्या टोकाला तीन फॉस्फेट आहेत असा आणि थोडा दुहेरी असा. ते जागं झालं की इंटरफेरॉन सुटलं. आता नागीण-कुळातला हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू घ्या. हा डीएनए विषाणू आहे. तरी त्याच्या लागणीत रिग-आय जागं होतं. कशाने?

उत्तर सापडलं ते कुणी ढुंकूनही न पाहिलेल्या जागी. रायबोसोममध्ये ‘५एस’ नावाचा एक छोटा आरएनए असतो. त्याच्या जनुकाच्या शेकडो मोडक्या नकला आपल्या डीएनएत विखुरलेल्या आहेत, ज्यांना छद्मजनुकं म्हणतात. म्हणजे कचऱ्यातलाही कचरा. यातल्या काही नकलांपासून आरएनए तयार होतो, आणि त्यातल्या एकाने, त्याचं नाव आरएनए-५एसपी-१४१, रिग-आयला जागं केलं. नेहमीच्या पेशीत हा आरएनए बहुतेक केंद्रकात राहतो आणि काही प्रथिनं त्याला गुंडाळून ठेवतात, त्यामुळे रिग-आयला तो दिसत नाही. हर्पिसचा विषाणू आत आला की पेशीचा प्रथिनांचा कारखाना बंद पाडतो, कारण सगळी यंत्रं त्याला स्वतःसाठी हवी असतात. त्या बंदमध्ये ही गुंडाळणारी प्रथिनंही घटतात. आरएनए पेशीद्रवात उघडा पडतो, रिग-आय त्याला पकडतं आणि घंटा वाजते. दरोडेखोरांनी घरधन्याला बांधून टाकलं आणि त्या झटापटीत कुत्र्याच्या साखळीचं टोक सुटलं, तसं काहीसं. विषाणूने जितकी जास्त नासधूस करावी तितका हा भुंकतो. हा आरएनए दाबून ठेवला तेव्हा हर्पिस, त्याचा भाऊबंद एपस्टाइन-बार आणि इन्फ्लुएन्झा, तिन्हींविरुद्धचा प्रतिसाद मंदावला.

उत्क्रांतीचा जो आक्षेप आपण मिर-३२ वर घेतला, तो इथे लावून बघा. इथे आरएनएला विषाणूच्या अक्षरांशी काही देणंघेणं नाही. विषाणूने कितीही अक्षरं बदलली तरी फरक पडत नाही, कारण जे ओळखलं जातं ती विषाणूची खूण नसून पेशीत झालेला बिघाड आहे. यातून सुटायचं तर विषाणूला पेशीचा कारखाना बंद पाडणंच सोडावं लागेल. त्याच वर्षी आणखी एका विषाणूबाबत, कपोसी सार्कोमा करणाऱ्या हर्पिस विषाणूबाबत, अशाच धर्तीचा शोध लागला. पेशीतल्या काही छोट्या आरएनएंच्या टोकाचे जादा फॉस्फेट काढून टाकणारं एक प्रथिन लागणीत कमी होतं, ते आरएनए रिग-आयच्या नजरेत येतात आणि घंटा वाजते. दोन वेगळ्या प्रयोगशाळा, दोन वेगळे आरएनए, पण तर्क एकच. इथे ‘संरक्षण’ हा शब्द बसतो असं आम्ही बिनधास्त म्हणू. तरी एक खोच ठेवावी लागेल. त्या छद्मजनुकाने हे ‘काम’ उत्क्रांतीत पत्करलं, की ते मोडकं जनुक योगायोगाने उपयोगी पडतं? ग्राउर-डूलिटल यांचा आक्षेप इथेही जिवंत आहे. पण इथे निदान त्यावर प्रयोग करता येईल असा प्रश्न तरी तयार झाला आहे.

लांब नॉन-कोडिंग आरएनएंबद्दल आम्ही थोडक्यात बोलू, कारण तिथे निबंधांचा पाऊस आहे आणि पीक कमी. नीट-१ नावाचा आरएनए घ्या. केंद्रकात तो एका प्रकारच्या ठिपक्यांचा सांगाडा बनतो. इन्फ्लुएन्झा किंवा हर्पिसची लागण झाली की तो वाढतो, आणि २०१४ मध्ये दाखवलं गेलं, की एका जनुकावर बसून त्याला दाबणाऱ्या प्रथिनाला तो आपल्या ठिपक्यात ओढून घेतो, मग ते जनुक मोकळं होतं आणि दाह सुरू करणारं रसायन तयार होतं. छान. पण नीट-१ नसलेले उंदीर २०११ मध्येच तयार झाले होते आणि ते दिसायला ठणठणीत होते, पुढे माद्यांच्या गर्भधारणेत अडचणी दिसल्या तेवढ्या. पेशीत एखादा आरएनए अर्धवट दाबून जे दिसतं ते अख्ख्या प्राण्यात किती दिसतं, हा प्रश्न प्रत्येक निबंधाला विचारायलाच हवा, आणि तो फार थोड्यांना विचारला जातो. त्याच २०१४ मध्ये एनआरएव्ही हा आरएनए सापडला. तो विषाणूविरोधी जनुकांवरचा लगाम आहे. लागण झाली की पेशी हा लगामच सैल सोडते. म्हणजे मदत होते ती या आरएनएच्या असण्याने नव्हे, त्याच्या कमी होण्याने.

नेस्ट नावाच्या आरएनएचं उदाहरण तर कुठल्याच खणात बसत नाही. २०१३ मध्ये ‘सेल’मध्ये आलेल्या या कामात तो इंटरफेरॉन-गॅमाचं जनुक चेतवतो असं दिसलं. तो असलेले उंदीर साल्मोनेला जिवाणूच्या संसर्गातून वाचले, पण थायलर नावाचा विषाणू मात्र त्यांना शरीरातून हाकलता आला नाही. एकच आरएनए एका रोगात तारक, दुसऱ्यात मारक. त्याला विषाणूविरोधी म्हणायचं की विषाणूधार्जिणा? आम्हाला वाटतं, दोन्ही नको. तो घंटेचा आवाज वाढवतो, एवढंच म्हणावं. आवाज वाढल्याने कुणाचं भलं होतं हे त्या वेळी दारात कोण उभं आहे त्यावर ठरतं.

प्रश्नोत्तरांत कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. वनस्पतींसारखी, विषाणूचाच नमुना घेऊन त्याला कापणारी यंत्रणा माणसात अजिबात नाही का? यावर जुंपलेली आहे. २०१३ मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन गटांनी दाखवलं, की उंदरांच्या मूलपेशींत आणि दूध पिणाऱ्या पिल्लांत ती चालू असलेली दिसते, पण विषाणूकडचं तिला बंद पाडणारं प्रथिन आधी काढून टाकावं लागतं. टीकाकार म्हणाले, म्हणजे खऱ्या विषाणूपुढे ती चालत नाही असंच ना? समर्थक म्हणाले, विषाणूने तिच्याविरुद्ध हत्यार बाळगलंय, यावरूनच तिची किंमत कळते. दोघांचंही म्हणणं आम्हाला पटतं, आणि अशा वेळी नव्या प्रयोगाची वाट बघणं शहाणपणाचं.

तो प्रयोग काही अंशी २०२१ मध्ये आला, लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधून, काएतानो रेइस ई सौझा यांच्या गटाकडून. मानवी पेशीत डायसरचं एक आखूड रूप तयार होतं. नेहमीच्या डायसरचा एक तुकडा त्यात गाळलेला असतो आणि त्यामुळे ते लांब दुहेरी आरएनए जास्त चटकन कापतं. ते मूलपेशींत कामाला येतं. हे नेमकं का, याचं उत्तर त्या पेशींच्या स्वभावात आहे : मूलपेशी इंटरफेरॉनच्या हाकेला फारशी दाद देत नाहीत. जिथे घंटा चालत नाही तिथे जुना कोयता अजून भिंतीला टांगलेला आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या ऊतींच्या गोळ्यांत या रूपामुळे झिका आणि कोविडचा विषाणू, दोन्हींची वाढ कमी झाली. पण शरीरातल्या सगळ्या पेशींत मूलपेशी मूठभर. फुप्फुसाच्या, यकृताच्या तयार पेशींत हे आखूड डायसर काही करतं का, आणि खऱ्या आजारात त्या मूठभर पेशी वाचल्याने रुग्णाच्या बरं होण्यात किती फरक पडतो, हे प्रयोग आता व्हायचे आहेत.